हुरड्याच्या दिवसांत निवडलेला गॉगल

यंदा ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, तेव्हापासून मला वाचता येत नाही. डोळे ओळीवरून सरकतात, पान उलटतं, आणि मागे वळून पाहावं तर काहीच हाती लागलेलं नसतं. आष्टीच्या एका महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. वाचणं हीच नोकरी होती आणि वाचणं हाच विरंगुळा. अशा माणसाला ऐन थंडीत पुस्तक परकं व्हावं याचं सुरुवातीला नवल वाटलं. आता वाटत नाही.

मागच्या हुरड्यात माझा पुतण्या समाधान आमच्या मळ्यातल्या विहिरीत पडून गेला. त्याच्या डोळ्यांवर ड्रोनचा गॉगल होता. तो गॉगल मी निवडलेला होता. आणि आता, पुन्हा कणसं भरत आलेली असताना, त्याची बायको रूपाली दुसरा गॉगल निवडून द्या म्हणून माझ्याकडे आली आहे. तिला मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. ती सांगितल्याशिवाय गॉगलबद्दल एक शब्दही बोलता येणार नाही, हे मला कळतं. म्हणून चार दिवस झाले, मी तिला “बघतो” म्हणून परत पाठवतो आहे.

या दिवसांत आमच्याकडच्या हवेला एक कोरडी, गोडसर चव असते. सकाळी ज्वारीच्या पानांवर दव असतं, नऊ वाजेपर्यंत ते उडून जातं, आणि मग दिवसभर पानं एकमेकांवर घासत राहतात. कोरा कागद दुमडावा तसा तो आवाज. कुठल्या तरी बांधावर आगटी पेटलेली असते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली की आधी कुसळं जळाल्याचा वास येतो, मग दुधाळ दाण्यांचा. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. चोळणारा सगळ्यात शेवटी खातो. समाधान नेहमी चोळायचा. त्याच्या तळव्यांना चटका कळतच नसे.

तो लग्नाची शूटिंग करायचा. आधी खांद्यावरचा कॅमेरा होता, मग साधा ड्रोन आला, आणि शेवटी हा दुसऱ्या जातीचा ड्रोन. साधा ड्रोन उडवणारा माणूस मान वर करून आभाळात बघतो. याचं तसं नाही. ड्रोनच्या पुढच्या टोकाला कॅमेरा असतो, आणि त्याला जे दिसतं तेच उडवणाऱ्याच्या गॉगलमधल्या पडद्यावर दिसतं. गॉगल चढवला की माणूस जमिनीवर राहत नाही. मांडवाच्या दारातून आत, वऱ्हाडाच्या डोक्यांवरून, नवरदेवाच्या फेट्याला वारा घालून पलीकडच्या दारानं बाहेर, असा तो स्वतःच उडत जातो. कडा गावापासून आष्टीपर्यंत तेव्हा असं काम करणारा दुसरा कुणी नव्हता. उसन्या आणलेल्या गॉगलवर त्यानं दिवाळीनंतरची दोन-चार लग्नं केली आणि पौष लागताना माझ्याकडे आला.

“तात्या, मला सोताचा गॉगल घ्यायचाय. तुमी वाचून सांगा.”

“मला त्यातलं काय कळतं?”

“तुमाला इंग्रजी कळतं. मला गॉगल कळतो. दोघांचं मिळून हुईल की एक डोकं.”

त्यानं झेरॉक्सच्या दुकानातून गॉगलांबद्दलची इंटरनेटवरची पानं, वापरणाऱ्यांच्या मतांसकट, छापून आणली होती. मोबाईलवर वाचायला मला आवडत नाही हे त्याच्या लक्षात होतं. चाळीसेक पानं असतील. मी ती ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी टाचून ठेवली, समासात पेन्सिलीनं खुणा केल्या. पुढचे दहा-बारा दिवस त्या पानांतच गेले. दुपारी तो यायचा, अंगणातल्या बाजेवर मी, समोर पायरीवर तो. मी वाचायचो, मराठीत सांगायचो. तो मधेच म्हणायचा, “हे त्यांनी उगं लांबवलंय, तात्या. म्होरं चला.”

पहिला प्रश्न डोळ्यांच्या अंतराचा होता. दोन्ही बुबुळांमध्ये किती अंतर आहे ते मोजावं लागतं, नाहीतर चित्र दुहेरी दिसतं आणि डोकं धरतं. त्याचा चष्मा उतरवून मी लाकडी पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरली. “हलू नकोस.” तो एवढ्या जवळून माझ्याकडे बघत होता की मलाच संकोच झाला. लहानपणी त्याला काजळ घालताना त्याच्या आईनं असं धरलेलं मी पाहिलं होतं. पण मी स्वतः कधी त्याच्या डोळ्यांत इतकं नीट पाहिलं नव्हतं. डाव्या डोळ्यात बुबुळाशेजारी एक तांबूस ठिपका होता. तो ठिपका मी वहीत लिहिला नाही. अंतर लिहिलं.

मग चित्राचा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या गॉगलमध्ये ड्रोन लांब गेला की चित्रात मुंग्या येतात. आधी थोड्या, मग जास्त, मग सगळा पडदा मुंग्यांनी भरतो. म्हणजे संपर्क तुटणार हे आधी कळतं आणि मागे फिरता येतं. नव्या पद्धतीत चित्र आरशासारखं स्वच्छ असतं आणि शेवटपर्यंत स्वच्छच राहतं. मग एका क्षणी थांबतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा समाधान म्हणाला होता, “नवाच बरा. मुंग्या कोण बघत बसतंय.” माझे वडील वर्षभर अंथरुणावर होते. रोज थोडे थोडे पुसट होत गेले आणि त्या वर्षभरात आम्ही सगळे त्यांच्याशिवाय राहायला शिकलो. समाधानच्या बाबतीत तसं झालं नाही. त्याचं चित्र माझ्यापुढे आजही स्वच्छ आहे आणि ते एका ठिकाणी थांबलेलं आहे.

शेवटी दोन गॉगल उरले. एक छोटा, हलका, चष्म्याहून थोडा मोठा. दुसरा चौकोनी खोक्यासारखा, कडेला जाड फोम लावलेला. समाधानला चष्म्याचा नंबर होता. छोट्या गॉगलमध्ये चष्मा मावत नव्हता, त्याच्यासाठी वेगळी भिंगं घासून घ्यावी लागणार होती. खोक्यात चष्म्यासकट डोळे मावत. पण खरा फरक दुसराच होता. छोटा गॉगल नाकाशी नीट बसत नाही, खालून फट राहते, असं त्या पानांत तीन-चार जणांनी तक्रारीनं लिहिलं होतं. खोक्यात प्रकाशाचा कणही शिरत नव्हता.

समाधाननं उसना आणला होता तो फटीचाच, त्यात तो चष्मा काढून कसंबसं भागवायचा. “ह्याच्यात खालचं जरा दिसतं, तात्या. आपण कुठं हावोत ते कळतं.”

“तो दोष आहे,” मी म्हणालो. “प्रकाश आत आला की चित्र फिकं पडतं. सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

“मला काय तेवढं वाटलं न्हाई.”

“वाचताना बाजूला कुणी बोललेलं चालतं का? तसंच आहे हे. बघायचं तर पूर्ण आत जाऊन बघावं.”

तो हसला. “तुमी म्हणाल तसं.”

मी पुस्तकात बुडणारा माणूस. बुडणं ही मला आयुष्यभर चांगलीच गोष्ट वाटत आली. त्या पानांत शेवटी सावधगिरीच्या सूचना होत्या, त्याही मी त्याला वाचून दाखवल्या. उडवणाऱ्याच्या शेजारी एक उघड्या डोळ्यांचा माणूस कायम असावा. उडवताना उभं राहू नये, बसून उडवावं. दोन्हीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. “उघड्या डोळ्यांचा माणूस म्हणजे तुमीच की,” तो म्हणाला. बसायला त्यानं टोमॅटोचं एक प्लॅस्टिकचं कॅरेट मळ्यात नेऊन ठेवलं.

पार्सल आलं त्या दिवशी मळ्यात हुरडा होता. शेजारच्या रानातली पारूमावशी आगटीजवळ बसली होती. समाधाननं खोकं डोळ्यांवर चढवून पट्टा आवळला तसं ती म्हणाली, “आगं बया. घाण्याचा बैल झाला की रं तू.”

“बैल न्हाई मावशी, घार. तुझ्या चुलीतलं मटण बघून येतो थांब.”

“आज बिस्तरवार हाय मेल्या, मटण कुठलं.”

“मग कालचं बघतो.”

सगळे हसले. रूपालीही, तोंडावर पदर धरून. त्या दिवशी त्यानं मलाही गॉगल घालायला लावला. मला कॅरेटवर बसवून, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “घाबरू नका, मी हाय इथं.” आणि ड्रोन उचलला. जमीन खाली गेली. मग आमची ज्वारी दिसली, वरून. कधीही न पाहिलेली. वाऱ्यानं तिच्यावर उमटणाऱ्या लाटा, त्यांतून जाणारी पाऊलवाट, आणि पलीकडे आमची जुनी मोटेची विहीर, काळ्या रुपयासारखी. विहिरीशेजारच्या दगडी धावेवर, मोटेचे बैल चालायचे त्या जागी, एक पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा खोकं घालून बसला होता. तो मीच होतो हे कळायला मला वेळ लागला. मागे उभ्या समाधानचा गुडघा माझ्या पाठीला टेकलेला नसता तर मी ओरडलो असतो.

ड्रोन उडवायला ती धावेची जागा त्याला फार सोयीची होती. मोट बंद झाली तरी दगड तसेच आहेत, तिथे काही उगवत नाही. बाकी सगळीकडे पुरुषभर ज्वारी. विहिरीला कठडा नाही. आमच्याकडे कुठल्याच जुन्या विहिरीला नाही, आणि असावा असं कुणाला वाटतही नाही. लहानपणापासून तिच्या काठानं चालण्याची पायांना सवय असते. त्या पानांत विहिरीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांच्या गावांत विहिरी नसतील.

आता ती गोष्ट लिहितो, जी इतके दिवस लिहिली नाही.

आमच्या घरात मोठं माणूस आलं की बसलेल्यानं उठायचं, ही रीत आहे. ती शिकवली जात नाही, दुधाबरोबर अंगात जाते. समाधान मला बघून उठला नाही असं एकदाही झालं नाही. फोनवर असो, तापानं फणफणलेला असो, पोराला मांडीवर घेऊन बसलेला असो, मी आलो की तो उठायचा, एक-दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, “या तात्या, बसा.” मला ते आवडायचं. ग्रंथालयात पोरं उठायची ती नाइलाजानं. याचं उठणं मनापासूनचं होतं. मी कधीच त्याला “राहू दे, बस” असं म्हणालो नाही. म्हणायला हवं असं सुचलंही नाही. तो उठायचा आणि मी बसायचो. त्यात आम्हा दोघांना काहीतरी जागच्या जागी असल्यासारखं वाटायचं.

हुरडा संपत आला होता, दाणा टणक व्हायला लागला होता. रूपाली पोराला घेऊन माहेरी, गेवराईला गेली होती. दुपारी साडेतीनला मळ्यात येतो असं मी समाधानला सांगितलं होतं, आणि मला उशीर झाला. कारण काही मोठं नव्हतं. एक प्रकरण संपत आलं होतं, ते संपवून निघालो. ऊन कलायच्या आत काम उरकावं म्हणून तो एकटाच सुरू झाला असणार. मी पाऊलवाटेनं आलो तेव्हा तो कॅरेटवर बसलेला होता, विहिरीचा काठ डाव्या हाताला दोन पावलांवर, गॉगल लावून, रिमोट मांडीवर. अंगठे सावकाश हलत होते. आभाळात कुठेतरी मधमाशीसारखा आवाज चालू होता.

मी म्हणालो, “काय रे, कुठवर गेलास?”

तो उठला. गॉगल न काढता. विहिरीकडे पाठ करत माझ्या आवाजाकडे वळला आणि हसत म्हणाला, “या तात्या, बसा.”

माझे गुडघे दुखत होते. मी म्हणालो, “बसतो जरा.”

आणि मला जागा देण्यासाठी तो मागे सरला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी कॅरेटकडे बघत होतो, ते कलंडणार तर नाही ना, म्हणून. ते हातानं नीट केलं, टेकलो, आणि मान वर केली तर समोर कुणी नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या विहिरीत पाणी असतं ते घोट्याएवढं. खाली सगळा खडक. शेजारच्या रानातली माणसं दोर घेऊन आली. ते मी लिहीत नाही.

पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा विचारलं, तुम्ही आलात तेव्हा तो काय करत होता. मी म्हणालो, उभा होता. वाक्य खोटं नव्हतं. कुठल्या तरी एका क्षणी तो उभा होताच. त्यांनी तसं लिहून घेतलं. मग हेच वाक्य मी भावाला सांगितलं, भावजयीला सांगितलं, दहाव्याला आलेल्या माणसांना सांगितलं. लोक म्हणाले, उभ्यानं उडवायचं न्हाई म्हणून तुमी सांगितलं होतं, तात्या, त्यानं ऐकलं न्हाई. माझं कधीही न मोडणाऱ्या पोरावर, न ऐकल्याचा ठपका मी बसू दिला. विहिरीपेक्षा मला हे जास्त जड जातं.

ड्रोन ज्वारीत पडला होता. काढणीला आलेल्या बायकांना महिन्याभरानं सापडला. रूपालीनं तो दुरुस्त करून आणला. समाधाननं तिला उडवायला शिकवलं होतं, आणि तिचा हात त्याच्याहून हलका आहे, असं तोच सांगायचा. गेल्या दिवाळीपासून ती साध्या कॅमेऱ्यानं लग्नं करते. लोक विचारतात, ते मांडवातून उडणारं करता का. ड्रोन आहे. गॉगल तेवढा राहिला नाही.

एवढं लिहून झालं, आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मोबाईलवर दोन चित्रं काढलेली.

“बस,” मी म्हणालो.

“बरी हाय की उभी.”

“बस गं. बसल्याशिवाय मला बोलता येणार नाही.”

ती उंबऱ्यावर टेकली. मी सांगितलं. तो बसला होता. माझा आवाज ऐकून उठला. मला जागा द्यायला मागे सरला.

ती मोबाईलकडेच बघत होती. पडदा कधीच काळा झाला होता. मग म्हणाली, “ते उठल्यावर तुमी काय म्हणालतात?”

हे तिनं विचारू नये असं मला वाटत होतं.

“बसतो जरा, म्हणालो.”

तिनं मान हलवली, जशी हिशेबात बसलेल्या गोष्टीला हलवतात. “तुमी बस म्हणला असतात तर बसले असते ते.”

“हो.”

“तुमचं कवाच मोडलं न्हाई त्यांनी.”

“नाही मोडलं.”

बाहेर चिमण्यांचा थवा ज्वारीवर उतरला आणि कुणीतरी डबा वाजवून तो उठवला. मी वाट बघत होतो. तिनं रडावं, काही बोलावं, उठून निघून जावं. ती सासूबद्दल म्हणाली, “आत्याबाईंना सांगू नका. त्यांना सोसायचं न्हाई. ते उभे होते असं समजून त्यांना जरा राग तरी काढता येतो.” मग पदरानं मोबाईल पुसला आणि माझ्यापुढे धरला. “आता ह्यातला कोणता, ते सांगा.”

“मी नाही सांगणार.”

“मग वाचून तरी दावा. इंग्रजी हाय.”

मी वाचून दाखवलं. अक्षर अन् अक्षर, काही न लांबवता, काही न गाळता. नाकाखालच्या फटीची तक्रार आली तिथं मी थांबलो. ती म्हणाली, “हां, हाच.” तिनं कारण सांगितलं नाही, आणि मी दोष आहे असं म्हणालो नाही.

गॉगल तीन-चार आठवड्यांनी आला, आणि काल तिनं पहिल्यांदा ड्रोन उडवला. विहिरीजवळ नाही, वरच्या अंगाच्या रानात, जिथली ज्वारी यंदा लवकर काढून झाली आहे. मला तिनं बोलावलं नव्हतं. शेजारी तिचा भाऊ उभा होता, गेवराईहून खास आलेला. मी बांधावर बोरीच्या आडोशाला थांबलो आणि काही बोललो नाही. खोकलासुद्धा दाबून धरला. ती धसकटांमध्ये गोणपाट अंथरून बसली होती, मांडी घालून. ड्रोन उठला. त्याचा आवाज जवळ आला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. अर्धा तास तरी असेल.

ड्रोन उतरवून तिनं गॉगल काढला आणि थेट माझ्याच दिशेला बघून हाक मारली, “तात्या, या की.”

मी गेलो. ती उठायला लागली, मी हातानंच खाली केलं. ती बसून राहिली.

“तुला कसं कळलं मी तिथं आहे?”

“दिसलात की वरनं. दोनदा तुमच्या डोक्यावरून नेलं. तुमी एकदा पण वर बघितलं न्हाई. सगळी माणसं वर बघत्यात.” मग तिनं विचारलं, “कुठं बघत होतात?”

सगळा वेळ मी तिच्या मांडीखाली दुमडलेल्या पायांकडे बघत होतो.